ऑप्टोमेट्रीचं क्लिनिकल प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याच्या शिक्षणाचा, विचार करणारी मुलं, त्यांचे पालक आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ओपीडीत पाऊल टाकणारे विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली कॉलेजं आणि नेत्ररुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. माझं एक ठाम मत सगळ्या उत्तरांत येईल, म्हणून ते आधीच सांगते. शिकताना किती रुग्ण पाहिले याला फारसा अर्थ नाही. त्यातले किती रुग्ण वरिष्ठांनी तुमच्यानंतर पुन्हा तपासले आणि फरक तुम्हाला दाखवला, यावर तुमचा हात तयार होतो.

बी. ऑप्टोम. या पदवी अभ्यासक्रमात रुग्ण कधीपासून तपासायला मिळतात?

आपल्याकडे आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं, अशी रचना राहिली आहे. २०२१च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचाही समावेश आहे आणि अभ्यासक्रम देशभर एकसारखे करण्याचं काम त्याखाली सुरू झालं आहे. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीची रचना कॉलेजकडून लेखी मागा.

सर्वसाधारणपणे पहिलं वर्ष बघण्यात जातं. दुसऱ्या वर्षी दृष्टी नोंदवणं, जुन्या चष्म्याचा नंबर लेन्सोमीटरवर काढणं अशी कामं हातात येतात. तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या देखरेखीखाली पूर्ण तपासणी करायला मिळते.

बघण्याचं वर्ष वाया गेलं असं मुलांना वाटतं. काय बघायचं ते कोणी सांगितलं नाही, तर जातंही. आजी दारातून खुर्चीपर्यंत कशी येतात ते बघा. भिंतीला हात लावतात का? मान एका बाजूला कलते का? उजेडात डोळे बारीक करतात का? काचबिंदू बराच पुढे गेलेला माणूस तक्त्यावरची ६/९ची बारीक ओळ सहज वाचू शकतो, पण खोलीत येताना बाजूच्या स्टुलाला धडकतो. हे केसपेपरवर कुठेच उमटत नाही.

रेटिनोस्कोपी जमत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. रेटिनोस्कोप या यंत्राने डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकून, रुग्णाला न विचारता नंबर काढणं म्हणजे रेटिनोस्कोपी, आणि तुमचा हा प्रश्न दर वर्षी, जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याकडून येतो. बाहुलीतून परतणारी ती तांबूस पट्टी प्रकाशाबरोबर सरकते आहे की उलट, हे डोळ्याला कळायला वेळच लागतो. मात्र नुसत्या सरावाने भागत नाही. नेमकं काय चुकतं आहे ते शोधावं लागतं, आणि बहुतेकांचं चुकतं ते चार ठिकाणी.

पहिलं म्हणजे अंतर. ६७ सेंटिमीटरवरून बघत असाल तर १.५० डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) वजा करायचे, ५० सेंटिमीटरवरून बघत असाल तर २.००. तुमचा हात आखूड असेल तर ५० सेंटिमीटर धरा, त्यात काही कमीपणा नाही. पण पट्टी नीट दिसावी म्हणून नकळत पुढे सरकून ४० सेंटिमीटरवर आलात आणि वजा मात्र २.०० केलेत, तर अर्ध्या नंबरची चूक तिथेच झाली. दोरा मोजून यंत्राला बांधा आणि मधूनमधून ताणून बघा.

दुसरं, रुग्ण कुठे बघतो आहे. तो तुमच्या प्रकाशाकडे बघू लागला की त्याचा डोळा जवळचं बघण्यासाठी जोर लावतो आणि नंबर उणेकडे झुकतो. तरुण रुग्णात हे फार होतं. "माझ्या कानाजवळून समोरच्या तक्त्याकडे बघा" हे दर मिनिटाला सांगत राहा.

तिसरं, तुम्ही रुग्णाच्या नजरेच्या रेषेपासून खूप बाजूला बसता. मग नसलेला सिलिंडर, म्हणजे ठरावीक अक्षावर लागणारा नंबर, दिसू लागतो.

चौथी गोष्ट मंद प्रतिक्षेपाची, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशाची. पट्टी फिकट आणि सुस्त दिसली की मुलं घाबरून "मोतीबिंदू असेल" असं लिहून टाकतात. मोठा नंबर असला तरी ती अशीच दिसते. उणे पाच, उणे सात अशी मोठी भिंगं घालून बघा. पट्टी एकदम उजळली तर तो नंबरच होता. आणि पट्टी कात्रीसारखी उघडझाप करत असेल, रुग्ण कॉलेजच्या वयाचा असेल, सारखे डोळे चोळत असेल आणि सिलिंडरचा नंबर दर वेळी बदलत असेल, तर केराटोकोनसची (बुबुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका घ्या आणि कॉर्नियाचा नकाशा काढायला पाठवा. अशा मुलाला वर्षभर नुसते चष्मे बदलून देणं हे त्याचं नुकसान आहे, कारण वेळेत कळलं तर क्रॉसलिंकिंग (कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार) करून आजार पुढे जाणं बहुतेकदा थांबवता येतं.

सरावासाठीच्या कृत्रिम डोळ्याच्या नमुन्यावर आधी भरपूर हात बसवा. तो थकत नाही आणि त्याचा खरा नंबर तुम्हाला ताडून बघता येतो.

वर्गमित्रांवर सराव केला तर चालत नाही का?

चालतो, करायलाच हवा. पण वर्गमित्र विशीतले, निरोगी डोळ्यांचे आणि "पहिलं चांगलं की दुसरं" या प्रश्नाचा अर्थ जाणणारे असतात. ओपीडीत येणारे काका साखरेचे रुग्ण असतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं आणि हातात तीन जुने चष्मे असतात. दोन्ही अनुभव लागतात.

केस हिस्ट्री घेताना नेमकं काय विचारायचं?

सगळ्यात कमी शिकवला जाणारा आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबते.

छापील रकाने भरायला लागण्याआधी रुग्णाला एक मिनिट बोलू द्या. "काय त्रास होतोय?" असं विचारून गप्प बसा. बहुतेक जण "दिसत नाही" एवढंच म्हणतात. मग खोलात जा: लांबचं की जवळचं? एका डोळ्याने की दोन्हींनी? हळूहळू कमी झालं की एकदम? दिवसा की रात्री? एक डोळा झाकून बघेपर्यंत दुसरा गेलाय हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून "एकदम दिसायचं बंद झालं" या वाक्याचा अर्थ "आज पहिल्यांदा लक्षात आलं" असाही असतो. दोन्हींत फार फरक आहे.

रुग्णाचे शब्द तसेच लिहून घ्या. वडस (बुबुळावर सरकणारी मांसल वाढ), रांजणवाडी (पापणीवरची पुळी), डोळ्यात फूल पडलंय, डोळ्यांसमोर जाळं येतं, चिलटं उडतात: हे सगळं ऐकून समजलं पाहिजे. शहरात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनी हे शब्द पहिल्या महिन्यातच वहीत उतरवून काढावेत.

दुसरी गोष्ट कामाची. "जवळचा चष्मा" म्हणजे किती जवळचा? पोथी पाटावर ठेवून मांडी घालून वाचणारे आजोबा ६० सेंटिमीटरवर वाचतात. सोनाराचं काम २५ सेंटिमीटरवर चालतं. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मूर्तीच्या तोंडाशी चेहरा नेऊन बसतो. २५ सेंटिमीटरसाठी डोळ्याला ४ डायॉप्टरची ताकद लागते, ६० सेंटिमीटरसाठी १.६७ पुरते. वय बघून तक्त्यातून चाळिशीचा नंबर काढून दिला, तर यातल्या दोघांचा चष्मा महिन्याभरात कपाटात जाईल. त्यांना ज्या अंतरावर काम करतात तिथे हात धरून दाखवायला सांगा आणि तिथे पट्टी लावून मोजा.

तिसरी, साखर. रक्तातली साखर वरखाली होत असेल तर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं-आकसतं आणि नंबर हलतो. नवीन चष्मा लिहून देण्याआधी साखर कधी तपासली आणि किती होती ते विचारा, आणि ती काबूत येईपर्यंत थांबायला सांगा. बिचाऱ्यांचे पैसे वाचतात.

आणि एखाद्या आजींनी आनंदाने सांगितलं की आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो, तर तो आनंद मोडू नका, पण भिंग नीट तपासा. मोतीबिंदू मध्यभागी घट्ट होऊ लागला की डोळा उणे नंबरकडे जातो आणि जवळचं काही काळ छान दिसतं.

रुग्ण "दोन्ही सारखंच" म्हणतो, मग नंबर कसा ठरवायचा?

अनेक रुग्णांना ही परीक्षा वाटते. चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल या भीतीने ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. सुरुवातीलाच सांगा की दोन्ही सारखं वाटलं तर तसंच सांगायचं, तेही उत्तरच आहे. सिलिंडरचा नंबर पक्का करायच्या क्रॉस सिलिंडर भिंगात तर दोन्ही बाजू सारख्या दिसणं हाच शेवटचा बिंदू असतो.

उणे नंबर वाढवताना "चांगलं दिसतं का?" असं विचारू नका. जास्तीच्या उणे भिंगातून अक्षरं लहान आणि काळीभोर दिसतात, तरुण रुग्णाला ती आवडतात. त्याऐवजी पुढची ओळ वाचायला सांगा. एकही जास्त अक्षर वाचता आलं नाही तर तो पाव नंबर देऊ नका. अभ्यासाच्या वयातल्या मुलांना असे पाव-अर्धे नंबर फुकट जास्तीचे लागलेले मी फार पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं.

लहान मुलांची तपासणी कधी शिकायला मिळते? ती रडतात, हलतात.

शक्यतो तिसऱ्या वर्षापासून, आणि मुलांची वेगळी ओपीडी असलेल्या ठिकाणीच. मोठ्यांच्या रांगेत मधेच आलेल्या मुलावर शिकणं दोघांनाही जड जातं.

मूल आईच्या मांडीवर राहू द्या. पांढरा कोट काढलात तरी चालेल. वाचता न येणाऱ्या मुलाला इंग्रजी ई अक्षराचा तक्ता दाखवून बोटांनी दिशा दाखवायला सांगा. त्याआधी घरी आईबरोबर हा खेळ खेळून आलं तर काम अर्धं होतं. डोळा झाकताना मुलाच्या स्वतःच्या हातावर विश्वास ठेवू नका. ती बोटांच्या फटीतून बघतात, आणि नेमका आळशी डोळा तिथेच निसटतो. एका डोळ्याने नीट दिसत असलेलं मूल कधीच तक्रार करत नाही. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतं, क्रिकेट खेळतं, सगळं ठीक वाटतं. म्हणून प्रत्येक डोळा वेगळा तपासणं याला पर्याय नाही.

मुलांचा नंबर थेंब घालून काढायचा असतो, कारण त्यांची जवळचं बघण्याची ताकद प्रचंड असते आणि ती खरा नंबर लपवते. काही मुलांना, विशेषतः तिरळेपणा असलेल्या लहानग्यांना, अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी तीन दिवस लावायला दिलं जातं. ते पालकांना समजावणं हे बरेचदा तुमचं काम असतं, तेव्हा नीट समजावा: तांदळाच्या दाण्याएवढंच मलम, लावल्यावर हात धुवायचे, ट्यूब भावंडांच्या हाताला लागू द्यायची नाही, चेहरा लालबुंद झाला, ताप आला किंवा मूल बडबडू लागलं तर लगेच बंद करून दवाखान्यात यायचं. नुसता कागद हातात देऊन पाठवू नका.

फोटोत किंवा टॉर्चच्या उजेडात बाळाची बाहुली पांढरी चमकते असं आई सांगत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. मुलांमधला मोतीबिंदू असू शकतो, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. दुसऱ्यात प्रश्न जिवाचा असतो.

बाहुली मोठी करायचे थेंब विद्यार्थी घालू शकतो का?

नेत्रतज्ज्ञांच्या सूचनेनुसार आणि देखरेखीखाली घालतो. पण त्याआधीची तीन कामं तुमची: टॉर्चने बाहुल्यांची प्रतिक्रिया तपासून नोंदवणं, डोळ्याचा दाब घेणं आणि स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो तो कोन अरुंद आहे का ते बघणं. अरुंद कोनाच्या डोळ्यात थेंब घातले तर दाब अचानक वाढू शकतो. आणि "गाडी चालवत आलात का?" हे थेंब घालण्यापूर्वी विचारा. सासवडहून एकटे मोटरसायकलवर आलेल्या माणसाला थेंब घातल्यावर हा प्रश्न विचारून काही उपयोग नाही.

नेत्रशिबिरांत खरंच शिकायला मिळतं का, की नुसती गर्दी?

दोन्ही. गावच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात भरलेलं शिबिर तुम्हाला एका दिवसात जे दाखवतं ते शहरातल्या चकचकीत दुकानात वर्षभर दिसणार नाही: पूर्ण पिकलेले मोतीबिंदू, बुबुळावर आलेले वडस, जुन्या जखमांचे व्रण. वेग येतो, कमी साधनांत काम करायची सवय लागते. वीज गेली की टॉर्च, रेटिनोस्कोप आणि ट्रायल सेट (नंबर काढायच्या भिंगांची पेटी) यांच्यावरच सगळं.

शिबिरातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य म्हणाल तर मी टॉर्चचं म्हणेन. मोतीबिंदू कितीही दाट असला तरी त्यातून प्रकाश आत जातो, म्हणून बाहुली आकसायला हवी. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेल्यावर ती आकसण्याऐवजी पसरू लागली, तर मागे नसेत किंवा पडद्यात मोठा बिघाड आहे. ऑपरेशननंतरही त्या डोळ्याला फारसं दिसणार नाही, हे त्या माणसाला आणि घरच्यांना आधी कळायला हवं. या तपासणीला अर्धं मिनिट पुरतं, पण थेंब घालायच्या आधीचं अर्धं मिनिट.

शिबिराचा धोका घाईत आहे. सगळ्यांना तयार चाळिशी वाटून मोकळं होण्याचा मोह होतो. दाब न मोजता परत गेलेला काचबिंदूचा रुग्ण पुन्हा कधी येईल याची खात्री नसते. तुमच्या कॉलेजच्या शिबिरात पुढे पाठवलेल्या रुग्णांची यादी कोण ठेवतं आणि त्यातले रुग्णालयात पोचले किती, हे विचारा. शाळांमधल्या तपासण्यांनाही हेच लागू. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची दृष्टीही बघितली जाते, त्यातून पुढे पाठवलेली मुलं तुमच्या ओपीडीत आली तर त्यांना रांगेत दिवसभर बसवू नका. पालकांचा रोजगार बुडालेला असतो.

कोणत्या रुग्णाला नंबर काढत न बसता लगेच पुढे पाठवायचं?

डोळ्यात चुना गेला असेल तर पाठवायच्याही आधी धुवायचं. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबताना लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडतो आणि तो बुबुळ जाळत खोल जात राहतो. नाव-गाव, केसपेपर, तक्ता सगळं नंतर. सलाइन असेल तर सलाइन, नाही तर स्वच्छ पाणी, भरपूर आणि सलग, पापणी उलटून आतले कण काढत. त्याच वेळी कोणीतरी डॉक्टरांना हाक मारायची.

एकदम दिसेनासं झालं, डोळ्यांसमोर विजा चमकल्यासारख्या होतात आणि काळे ठिपके अचानक वाढले, बाजूने पडदा आल्यासारखा वाटतो, डोळा लाल होऊन दुखतो आणि उलट्या होतात, नव्याने दोन-दोन दिसू लागलं: हे सगळे रुग्ण रांग मोडून आत जातात.

शेतातल्या जखमेचं वेगळं सांगते. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाचं पातं बुबुळाला लागून आलेले मजूर दिसतील. वनस्पतीच्या अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होतो, तो हळूहळू वाढतो, आणि तोवर मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातलेले असले तर फार बिघडतो. आधी कोणते थेंब घातले ते विचारा, बाटली बघायला मागा, लिहून ठेवा. बुबुळावर पांढरा डाग दिसला तर तो रुग्ण संध्याकाळपर्यंत थांबता कामा नये.

अंधाऱ्या खोलीत बायकांची किंवा मुलींची तपासणी करताना काय काळजी घ्यावी?

रुग्णाबरोबरचं माणूस आत बसू द्या, दार पूर्ण लावू नका आणि दिवा मालवण्यापूर्वी सांगा. ऑफ्थॅल्मोस्कोपीत तुमचा चेहरा रुग्णाच्या अगदी गालाजवळ जातो. "मी आता जवळ येऊन डोळ्याच्या आत बघणार आहे, कपाळाला हात लावेन" हे बोलून मगच पुढे व्हा. विद्यार्थिनींनाही हेच संरक्षण हवं असतं, रुग्णाच्या वागण्याने अवघडल्यासारखं झालं तर तपासणी थांबवून शिक्षकांना बोलवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझा काढलेला नंबर चुकला तर?

शिकताना चुकतोच, म्हणून तर वरिष्ठांची सही लागते. लपवू नका. ट्रायल फ्रेम (काढलेल्या नंबरची भिंगं बसवायची चौकट) घालून रुग्णाला दहा मिनिटं चालायला लावा, जिना उतरायला सांगा. सिलिंडर किंवा त्याचा अक्ष बदललेला असेल तर जमीन तिरपी वाटते, तेव्हाच कळतं. चष्मा घेऊन परत आलेला रुग्ण मागून घ्या. त्याच्याइतकं कोणी शिकवत नाही.

इंटर्नशिप कुठे करावी?

नावापेक्षा पुढचं विचारा. एका शिक्षकामागे किती इंटर्न? मुलांची, कॉन्टॅक्ट लेन्सची, कमी दृष्टीच्या रुग्णांची आणि काचबिंदूची वेगळी पाळी मिळते का, की वर्षभर एकाच खोलीत फक्त नंबर? आठवड्यातून एकदा तरी केसवर चर्चा होते का? मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे आपल्याकडची मुलं जातात, शिस्त आणि रुग्णांचं वैविध्य दोन्ही मिळतं. पण मराठी बोलणारे रुग्ण मराठीतच तपासायला शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचं एखादं धर्मादाय नेत्ररुग्णालयही उत्तम, फक्त शिकवणारं माणूस हवं. चष्म्याच्या दुकानात बसवून विक्री करायला लावणारी इंटर्नशिप घेऊ नका.

विद्यावेतन मिळतं का?

ठिकाणानुसार बदलतं, काही जागी काहीच नसतं. राहण्या-जेवण्याची सोय आहे का हेही सोबत विचारा.

मी रुग्ण आहे. विद्यार्थ्याने तपासू नये असं सांगू शकतो का?

हो. शिकवणाऱ्या रुग्णालयातही विद्यार्थ्याने आपली ओळख सांगून परवानगी घ्यायला हवी आणि तुम्ही नाही म्हणालात म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. वेळ थोडा जास्त लागतो हे खरं, पण तुमचा डोळा दोनदा तपासला जातो. खूप दुखत असेल, घाई असेल तर तसं स्पष्ट सांगा.

स्वतःची कोणती साधनं घ्यावीत?

दुसऱ्या वर्षी चांगला टॉर्च, बाहुल्यांमधलं अंतर मोजायची पट्टी, पिनहोलसह ऑक्लुडर (डोळा झाकायचं, बारीक भोकं असलेलं झाकण). तिसऱ्या वर्षी परवडलं तर स्ट्रीक रेटिनोस्कोप, दोघांनी मिळून घेतला तरी चालेल. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप कॉलेजचा वापरा. ट्रायल सेट आत्ता घेऊ नका. मुलांसाठी खिशात एक छोटं रंगीत खेळणं असू द्या, आवाज न करणारं, म्हणजे मूल कान देऊन नाही तर बघून वळलं हे तुम्हाला नक्की कळेल.